वास गेला, असं तुम्ही म्हणालात

डोमा सुकरू मारबते, राहणार ढीवरटोला, धंदा मासेमारी आणि पावसाळ्यात धानाची रोवणी, याला होळी झाल्यावरच्या पहिल्या बुधवारी, सकाळी नऊ ते साडेनऊच्या मध्ये, बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्याच्या टाक्यात उतरवलं गेलं आणि तो जिवंत वर आला नाही. तो पडला नाही. त्याला उतरवलं. उतरवणारे दोघं होते. पाण्याचा नमुना घ्यायला आलेला सरकारी साहेब, आणि हे पत्रक लिहिणारा मी.

डोमाभाऊ, पत्रक असंच सुरू करायचं असतं. आधी नाव, मग वेळ, मग गुन्हा. चांद्याच्या छापखान्यात उभं राहून मी हे शिकलो आणि गावात येऊन तुम्हालाच फुशारकीनं सांगितलं होतं. तुम्ही झिंगे वाळत घालत होतात. म्हणालात, "कागदराव, तुह्या पत्रकात नाव कोनाचं येते? जो मेला त्याचंच ना? मंग माहं नको टाकू बाप्पा." आणि हसलात. माझी उरलेली पत्रकं तुम्ही सुके झिंगे बांधायला न्यायचात. "चांगला कागद हाय, वास धरत नाई," म्हणायचात. मी चिडायचो. तुम्हाला मी चिडलेलाच आवडायचो.

आज बारावा दिवस. उद्या सोमवारी तुमची तेरवी. तुमच्या अंगणात बसून लिहितोय. गिरजावयनी सुपात तांदूळ पाखडताहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत. तुमचं फेकजाळं कुडावर टाकलेलं आहे, तसंच, मंगळवारी तुम्ही वाळत घातलं होतं तसं. कोणी हात लावलेला नाही. वारा आला की जाळ्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजतात आणि मी दर वेळी मान वर करतो.

लहानपणी त्याच जाळ्यात माझा दुधाचा दात गेला होता. फेकजाळं टाकताना एक काठ दातात धरायचा, दोन्ही हातांनी बाकीचं फिरवून फेकायचं, आणि जाळं सुटताना नेमक्या क्षणी दात सोडायचे. मी सोडले नाहीत. तुम्ही तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडलात, "अबे सोड! जाळं सोड, दात नाई!" पुढं वर्षानुवर्षं कोणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट करून सांगायचात, "याचा दात मरळीनं खाल्ला. तवापासून हा असा बोलते." ढीवराचे दात म्हणजे तिसरा हात, असंही तुम्हीच सांगायचात. हे मी इथं उगाच लिहीत नाही. पुढं लागणार आहे.

आपलं भांडण बाटलीवरून होतं. ते मिटलं नाही. मला ते आज पुरं करायचं आहे आणि समोर तुम्ही नाही.

ज्याला आपला भाग ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. ढीवरटोल्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून, चामड्याचा कारखाना होता. दोन पावसाळे झाले बंद पडून. मालक गेला, यंत्रं गेली, दारांच्या चौकटीसुद्धा गेल्या. राहिली विटांची तीन खोल टाकी, चुना आणि कातड्याचे केस काढायचं औषध यांच्या घाणीनं भरलेली. पावसात ती तुडुंब होऊन वाहतात, ओहोळ धरतात आणि आपल्या तलावात येतात. गेल्या श्रावणात तलावातला मासा पांढरं पोट वर करून काठाला लागला. बगळेसुद्धा शिवले नाहीत.

तुम्ही तलावाच्या तुडुमावर, पाणी सोडायच्या त्या दगडी तोंडाशी, उकिडवे बसलात, ओंजळभर पाणी तोंडात घेतलंत, घोळवलंत आणि थुंकलात. रोजचंच होतं ते तुमचं. पाणी चाखून मरळ कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगायचात. त्या दिवशी नुसतं म्हणालात, "मेलं."

"मासा ना?" मी विचारलं.

"मासा कालच मेला. पानी मेलं."

तुमचं म्हणणं सोपं होतं. ओहोळात मातीची पार, म्हणजे बांध, टाकू, घाण पाणी दुसरीकडं वळवू, टोल्यातले दहाजण मिळून चार दिवसांचं काम. मी म्हणालो, नाही. पार टाकली की मालक सुटला. आधी पुरावा पाहिजे. कारखान्याच्या टाक्यातलंच पाणी बाटलीत भरून नागपूरच्या सरकारी तपासणीला गेलं पाहिजे, शिक्का होऊन आलं पाहिजे.

"मासा मेला, दिसून नाई राह्यलं का तुले?"

"मले दिसते, भाऊ. कचेरीले दिसत नाई."

"मंग कचेरीले इथी आन. मी तिले पानी चाखवतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाऊन अर्ज लिहिला. मग दुसरा लिहिला. मग पत्रक काढलं, त्यात "निद्रिस्त अधिकारी" असा शब्द टाकला आणि स्वतःवर खूश झालो. माघात उत्तर आलं की साहेब येणार. ते पत्र मी धावत आणून तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू जिकला. आता तरी पार टाकू?" मी म्हणालो, नमुना होईपर्यंत थांबा. जागा होती तशीच राहू द्या.

तुम्ही थांबलात. माझ्या शब्दावर थांबलात.

बुधवारी जीप आली. जीपमध्ये लाकडी पेटी, पेटीत काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटली कापसात गुंडाळलेली, भोवती तणस, वर झाकण. साहेबानं हातमोजे घातले. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, हाताचा मळ बाटलीला लागला तर नमुना बिघडतो. भाऊ, हे वाक्य मी त्या वेळी वहीत उतरवून घेतलं. पद्धतशीर माणूस, असं मला वाटलं. बाटलीला कापूस होता. बाटलीसाठी हातमोजे होते. ज्याच्या हातात ती बाटली देऊन खाली उतरवायचं त्याच्यासाठी त्या पेटीत काय आहे, हे मी विचारलं नाही. अख्ख्या तालुक्याला प्रश्न विचारणारा मी, तेवढा एक प्रश्न विचारला नाही.

बाटलीच्या बुचाला दोरी होती. बाटली बंदच तळाशी न्यायची, मग दोरीला हिसका देऊन बूच काढायचं, म्हणजे तळाचं पाणी भरतं. चांगली युक्ती. पण दोरी दोन हात लांब आणि टाकं दोन पुरुष खोल. उन्हाळ्याचं पाणी खाली गेलेलं. साहेब म्हणाला, "वरचंच घेऊ या, हात पोचेल तिथलं." कोपऱ्यात उतरत्या भिंतीवर खरोखर थोडं साचलं होतं.

आणि मी म्हणालो, "वरचं नको. खालचं पायजे. वरचं घेतलं तर मालक म्हनन, पावसाचं पानी होतं."

हे मी म्हणालो. साहेब नाही, मी. टोल्यातली माणसं काठावर उभी होती, त्यांनी ऐकलंय. "वरचं नको. खालचं पायजे." बारा दिवस हे माझ्या कानात माझ्याच आवाजात वाजतंय, आणि आवाज चांगला खणखणीत आहे.

साहेबानं काठावरच्या माणसांकडे नजर फिरवली. तुम्ही पागोटं काढून बाजूला ठेवलंत. कोणी सांगितलं नव्हतं. पाण्यात उतरायचं काम निघालं की आपल्याकडे सगळे ढीवराकडे बघतात आणि ढीवर उठतो, पिढ्यान्‌पिढ्या असंच. विहिरीत बादली पडली, पुरात गाय अडकली, कोणी बुडालं, की बोलवा डोमाला. पाणी कसलं आहे हे कोणी बघत नाही. मीही तेच केलं. पत्रकातून मी जातीपातीच्या कामांवर आग पाखडतो, आणि त्या दिवशी पाणी दिसलं तसं मी तुमच्याकडे पाहिलं.

वास भयंकर होता. सडक्या अंड्यांचा. म्हणून मीच धावत जाऊन मोहाची दारू आणली. मेलेलं ढोर ओढताना आपल्याकडे तोंडाला मोहाच्या दारूत भिजवलेलं फडकं बांधतात, तसं. कोणाच्या घरून आणली ते सांगणार नाही. आणली मी. फडकं भिजवलं मी. तुमच्या डोक्यामागं गाठ मारली मी. तुम्ही फडक्याआडून म्हणालात, "पाच वर्षांनी तोंडाले लागून राह्यली. गिरजेले सांगू नको." थोरली पोरगी गेली तेव्हा तुम्ही दारू सोडली होती, आणि सोडली म्हणजे सोडली. थेंबही तुमच्या पोटात नव्हता. दारू फडक्यात होती.

लोखंडी कड्या भिंतीत होत्या, त्यांतल्या काही तुटलेल्या. तुम्ही उतरलात. अर्ध्यावर थांबून वर पाहिलंत. विटांमुळं तुमचा आवाज गोल होऊन वर आला.

"वास गेला रे, कागदराव."

"काय?"

"इथी काईच वास नाई. वरच होता."

मला हायसं वाटलं. मी वहीत लिहिलं: खाली वास नाही. ती वही माझ्यापाशी आहे. अक्षर नीट आहे, शाईचा डागसुद्धा नाही.

मग तुम्ही शेवटच्या कडीवर पाय रोवलात. एक हात कडीला, एका हातात बाटली. बुचाची दोरी ओढायला तिसरा हात हवा होता. तुम्ही फडकं गळ्यात खाली सरकवलंत, दोरी दातात धरलीत आणि पाण्यावर वाकलात. जाळ्याचा काठ धरायचात तशी. बाटली तळाच्या गाळात गेली, गाळ ढवळला, बुडबुडे आले. तुम्ही मान मागे घेऊन हिसका दिलात. आणि मग तुम्ही काहीच केलं नाहीत. हात सुटला. ओरडला नाहीत. मी वाट पाहिली, वाटलं तुम्ही गंमत करताय.

बुधा, तुमचा धाकटा भाऊ, उडी टाकायला निघाला, त्याला चौघांनी जमिनीवर पाडून धरलं. मीही कडीवर पाय टाकला होता. मागून कोणीतरी माझं धोतर धरलं. वयनींना मी सांगितलं की मी सुटायची फार धडपड केली. भाऊ, तुम्हाला खरं सांगतो. मी फार जोर केला नाही.

तेव्हा कोणीतरी बांबू आणला. लांब, हिरवा, कारखान्यामागच्या रांजीतून तोडून. त्याच्या टोकाला विहिरीतली बादली काढायचा गळ बांधला आणि तुम्हाला वर ओढलं. बांबूच्या या मुलखात, जिथं घर बांबूचं, कूड बांबूचा, तिरडी बांबूची, तिथं त्या सकाळी बाटली बांधायला एक बांबू कोणाला सुचला नाही. बांबू आला तो प्रेत काढायला.

आणि दोरी अजून तुमच्या दातात होती. दात सोडले नव्हते तुम्ही. दोरीला बूच लोंबत होतं आणि बाटली तुमच्या मुठीत होती, काठोकाठ भरलेली.

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच हा सगळा कागद घेतला आहे. बाटली भरलेली पाहून, एक क्षण, एकच, मला बरं वाटलं. तुम्ही पायाशी पडला होतात आणि माझ्या मनात आलं, नमुना मिळाला.

साहेबानं हातमोजे घातलेल्या बोटांनी तुमचे दात उघडून दोरी काढली, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली. मी त्याला विचारलं, वास कसा गेला? तो पांढरा पडला होता. म्हणाला, "ती विषारी हवा फार झाली की आधी नाकच मारते. वास येईनासा झाला की समजावं. पुस्तकात आहे."

"कुठं हाय पुस्तक?"

"जीपमध्ये."

भाऊ, तुम्ही जन्मभर नाकानं आणि जिभेनं पाणी ओळखलंत. आणि त्या टाक्यानं आधी नेमकं तेच घेतलं. पुस्तक काठावर होतं. साहेबाच्या डोक्यातही होतं. तुम्ही वर पाहून मोठ्यानं सांगितलंत की वास गेला, आणि तो ऐकून गप्प राहिला. विसरला म्हणे. मी मानतो, विसरला असेल. जो स्वतः उतरणार नसतो तो विसरतो.

पंचनामा दुपारी झाला. हवालदारानं तुमचा गळा हुंगला, फडकं हुंगलं आणि लिहिलं: इसम मोहाच्या दारूच्या अंमलात असल्याने तोल जाऊन टाक्यात पडला. मी तोंड उघडलं. साहेब मला जीपच्या आड घेऊन गेला. म्हणाला, तुम्ही तक्रार घातलीत तर बाटली पोलिसांत जमा होईल, महिनोन्‌महिने पडून राहील. सही करा, आजच नागपूरला पाठवतो. तुमच्या तलावासाठीच ना हे सगळं?

मी सही केली. पंच क्रमांक दोन. एका पारड्यात तुमचं नाव होतं, एकात बाटली. मी बाटली उचलली.

परवा, दहाव्याला, वयनींनी मला घाटावर बाजूला बोलावलं. डोळे कोरडे होते.

"बापू, एक इचारू? ते पिऊन होते का?"

"नाई, वयनी."

"मंग कागदावर काऊन तसं?"

मी ओल्या धोतराचा काठ पिळायला घेतला.

"सई तर तुमचीच हाय म्हन्तेत."

त्यांनी पदर खोचला आणि पिंडाकडे गेल्या. कावळा बराच वेळ शिवत नव्हता. लोक म्हणाले, डोमाचा जीव माशात अडकला असेल. कोणी दर्भाचा कावळा करायला घेतला. मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण तुमचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं.

सध्या मोह गळतोय. पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन रानात असतात आणि सगळ्या टोल्यावर तोच गोड वास, तुमच्या फडक्याचा. तो मी सहन करतो. मधूनच वारा पडतो आणि वास नाहीसा होतो, तेव्हा मात्र मी उभा राहतो. काल भाकर करपली, आई ओरडली, मला आधी कळलंच नाही, आणि मी अंगणात पळालो. वास येत नाही म्हटलं की माझे पाय पळतात. बारा दिवस उशिरा.

तुडुमावर जातो तर तुम्ही तिथं बसलेले असता, गालात पाणी धरून. थुंकत नाही तुम्ही. मी वाट बघतो की आता बोलाल, आता शिवी द्याल, बह्याड म्हणाल. तुम्ही नुसते गाल फुगवून माझ्याकडे बघता.

उपकार मानायचे तर कशाकशाचे मानू? पोहायला शिकवलंत, शिव्या शिकवल्यात, गावात मला कोणी विचारत नव्हतं तेव्हा माझं पहिलं पत्रक उलटं धरून टोल्यासमोर वाचल्याचं सोंग केलंत आणि शेवटी ओरडलात, "बराबर हाय!" काय बरोबर आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं. तरी त्या एका आरोळीवर मी इतकी वर्षं लिहीत आलो.

म्हणून आज तुमच्याशी भांडण पुरं करतो. भाऊ, तुमचं बरोबर होतं. आधी पार टाकायला हवी होती. पुरावा नंतर. मेलेलं पाणी अडवायला कोणाच्या शिक्क्याची वाट बघायची नसते. पण एक बाजू माझीही धरा. कागद वाईट नसतो, खोटा कागद वाईट असतो. आणि आज एक खोटा कागद माझ्या सहीनं जिवंत आहे आणि दुसरा माणूस मागतोय.

कारण काल साहेबाचा निरोप आला. अजून दोन टाक्यांचे नमुने बाकी आहेत. येत्या शुक्रवारी सकाळी जीप येणार. उतरायला माणूस हवा, आणि नाव दिलंय बुधाचं. टाक्यात तर काही दोष नाही, मागचा माणूस दारू पिऊन पडला, कागदावर तसंच आहे. बुधा "जातो" म्हणाला. मी त्याला हात धरून विचारलं, काऊन? तो म्हणाला, "दादा पिऊन नोता, हे दाखवाले जातो. मी कोरडा उतरन न्‌ वर यीन." तुमचाच भाऊ. दात सोडायचा नाही.

तेरवी झाली की मी सरळ तहसिलीत जाऊन लिहून देणार आहे की पंच क्रमांक दोननं खोट्यावर सही केली, दारू त्यानंच आणली, खालचं पाणी त्यानंच मागितलं. मला जे व्हायचं ते होवो. पण एकट्याच्या जबानीला कचेरी म्हणेल, हा तर पत्रकवाला, याला भांडायची खोडच आहे.

तेव्हा आता तुम्हाला सांगतो. भाऊंना नाही, तुम्हाला, जे हा कागद हातात धरून वाचताहेत किंवा पारावर बसून ऐकताहेत. त्या बुधवारी तुम्ही काठावर होतात. फडकं भिजवताना तुम्ही पाहिलंत. "वास गेला" हे तुम्हीही ऐकलंत. शुक्रवारी उन्हं यायच्या आधी कारखान्यावर या. येताना घरचा एक लांब बांबू आणि भरपूर दोरी घेऊन या. बाटली बांबूला बांधू, काठावर वाऱ्याच्या बाजूला उभं राहू, आणि हवं तितकं खालचं पाणी साहेबाला काढून देऊ. साहेब असो, मालक असो, माझ्यासारखा कोणी तलावाचा कैवारी असो, माणूस उतरवा म्हणाला तर त्याच्या हातात बाटली द्या आणि सांगा, आधी तू उतर.

आणि मग तिथंच, त्याच काठावर, हवालदाराला बोलावून त्याच्या तोंडावर, एकेकानं स्वतःचं नाव सांगून बोला: डोमा मारबते प्यालेला नव्हता.